नदीवरच्या फाटकातली बसादी

माझी थोरली बहीण बसादी सव्वीस वर्षं लिंपोपो नदीवरच्या सरहद्दीच्या फाटकात बसली. आठ ते चार. खिडकीच्या अलीकडं ती, पलीकडं जग. कुठले कुठले लोक हत्ती बघायला यायचे, टोप्या घालून, गळ्यात कॅमेरे, आणि सगळ्यांना तिच्यासमोर उभं राहावं लागायचं. मी तिला आउसी म्हणायचो. आई गेली आणि बाप गेला, तिला उरलो मी. मी तिरो. मी लहानपणापासून गुरांच्या वस्तीवर. आमच्याकडं तेव्हा असंच होतं, पोरगी शाळेत आणि पोरगा गुरांमागं. मी चौथीपर्यंत. आपली भाषा वाचतो, इंग्रजी नाही. तिनं सगळं शिकून घेतलं.

तिला ते सगळं तोंडपाठ होतं. पासपोर्ट पुढं सहा महिने तरी चालायला हवा. त्यात कोरं पान हवं, शिक्क्यावर शिक्का मारणार नाही. कुठं राहणार, किती दिवस राहणार, परत कसा जाणार. व्हिसा लागत असेल तर तो आधी काढून आणायचा, इथं येऊन रडायचं नाही. पिवळ्या तापाच्या मुलखातून आला असाल तर सुईचा दाखला. कच्चं मांस नाही. आणि बूट. अंगावरचे आणि पिशवीतले पण, सगळे बाहेर काढून त्या औषधाच्या ओल्या गोणपाटावर घासायचे. लाळ्या-खुरकूत बुटाला चिकटून येतं.

एकदा एक उंच गोरा माणूस चिडला. आमच्याकडं बाईला मा म्हणतात आणि पुरुषाला रा, तेवढं तो शिकून आला होता. म्हणाला, "मा, हे बूट नवे आहेत, दुकानातून थेट तुमच्याकडं आणलेत."

"मग नव्यानंच सुरुवात करू," ही म्हणली.

"आणि हे मांस माझ्या आईनं दिलंय."

"आईला घेऊन ये. इथं शिजवून दे म्हणावं, मग ने."

"एवढ्याशा तुकड्यानं काय होणार आहे?"

"माझ्या भावाच्या चाळीस गाई आहेत. त्या मेल्या तर तू एक एक वासरू पाठवशील का तुझ्या गावाहून?"

तो हसला शेवटी. बूट घासले. हे मला मोथिबीनं सांगितलं. मोथिबी म्हणजे पिंजरा ओढणारा. नदी वर्षातले आठ महिने नुसती वाळू असते, गाड्या तशाच उतरून जातात. पण वरती पाऊस झाला की पाणी येतं, तपकिरी, झाडं घेऊन, मग गाडी जात नाही. तेव्हा तारेवरून लोखंडी पिंजरा चालतो. त्यात चार माणसं बसतात. मोथिबीचं म्हणणं असं की माणूस कुठल्याही देशाचा असो, पिंजऱ्यात बसला की त्याचा चेहरा एकसारखाच होतो.

पलीकडचा काठ दुसरा देश आहे, पण तिथं पण आमचीच माणसं. तीच भाषा, तीच आडनावं. आमची आई तिकडची. लग्नं, मयतं सगळी दोन्हीकडं. पूर्वी लोक वाळूतून चालत जायचे डोक्यावर पाट्या घेऊन. मग फाटक झालं. बसादीनं स्वतःसुद्धा कधी वाळूतून पाय टाकला नाही. मावशी वारली तेव्हा ही रांगेत उभी राहिली, स्वतःच्याच ऑफिसात, आणि दुसऱ्या बाईकडून शिक्का मारून घेतला. लोक हसले. ती म्हणली, "मी बिनशिक्क्याची गेले तर उद्या तुम्हाला कुठल्या तोंडानं थांबवू?"

ती एवढी कडक का झाली ते पण सांगतो. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. एक माणूस आला, कपडे चांगले, सोबत एक लहान मुलगा. म्हणाला बहिणीचा मुलगा आहे, सुट्टीला नेतो. मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. तेव्हा मुलांच्या कागदांचा एवढा नियम नव्हता. हिनं शिक्का मारला. बारा दिवसांनी पोलीस फोटो घेऊन आले. तो मुलगा सापडला नाही. आजपर्यंत नाही. त्यावर तिला कुणी काही बोललं नाही, नियमानं तिची चूक नव्हती. पण ती आमच्या वस्तीवर आली, दिवसभर चुलीपाशी बसली आणि म्हणली, "तिरो, त्यानं मला बिस्कीट विचारलं होतं. घे म्हणाला. मी हसून नको म्हणले." बस एवढंच. पुढं कधी तिनं तो विषय काढला नाही. मग नंतर नियम आला की मुलाचा जन्मदाखला हवा, आईबापातला जो सोबत नसेल त्याची शपथेची चिठ्ठी हवी. तेव्हा ती म्हणाली, उशीर केला.

तिला मूल नव्हतं. लग्न झालं होतं, नवरा दोन वर्षांत सोडून गेला, याच कारणावरून.

आता माझं सांगतो.

माझी बायको राइसिबे नदीपलीकडची. लग्नाची बोलणी चालू होती, सगळं व्हायचं होतं, त्यात ती पोटुशी राहिली आणि पहिल्या बाळंतपणाला आईकडं गेली. आमच्यात बाळंतीण तीन महिने घरात. दारात आडवं लाकूड ठेवतात. बाहेरून चालून आलेल्याचे पाय तापलेले असतात, ते बाळाला बाधतात. बापाचे तर सगळ्यात जास्त. मी दोनदा गेलो, कुंपणाबाहेरून हाक मारली, "पोरगी कशी आहे?" आतून राइसिबे ओरडली, "तुझ्यासारखं नाक आहे, बिचारी!" मी हसत हसत परत आलो.

त्या दिवसांत तिच्या आईनं, मा-राइसिबेनं, कचेरीत जाऊन पोरीची नोंद केली. तिथल्या बाईनं सांगितलं, बापाचं नाव घालायचं तर बापानं स्वतः येऊन सही करायची. म्हातारी म्हणली, बाळंतीण अजून आत आहे, बापाला आता या कामात आणायचं नाही, तीन महिने होऊ द्या. रकाना कोरा राहिला. खरं सांगतो, मला निरोप आला असता तरी मी गेलो नसतो त्या तीन महिन्यांत. नंतर कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळ्या गावाला माहीत होतं बाप कोण आहे, मग कागदाकडं कोण बघतो?

लाकूड काढलं त्या दिवशी आउसी गेली नाव ठेवायला. नाव आत्यानं ठेवायचं. तिनं सेथुन्या ठेवलं. फूल. पोरीला मांडीवर घेऊन ती दोन तास उठलीच नाही. म्हातारी म्हणाली, "अगं दे तिला, भूक लागली असेल." ही म्हणली, "भूक लागली तर रडेल की. रडली का?"

राइसिबे तिकडं मळ्यावर कामाला होती, संत्र्यांच्या. म्हणून ती तिकडंच राहिली, मी इकडं गुरांकडं, येऊन जाऊन. असं करता करता पोरगी चार वर्षांची झाली आणि राइसिबे आजारी पडली. सहा आठवडे. मग गेली.

दफन झाल्यावर मा-राइसिबेच म्हणाली, "ने पोरीला. मी म्हातारी झाले, माझ्यानं होत नाही." वस्तीवर गुरांत पोरगी ठेवता येत नाही, तर ठरलं की ती आउसीकडं राहील, गावातल्या घरात. शाळेत नाव घातलं आउसीनं. पलंग घेतला, तो मीच पिकअपमधून आणला, लाकडी, निळा रंग दिलेला. खिडकीला पडदा शिवला. मला फोनवर तीनदा सांगितलं, "जन्मदाखला आण. राइसिबेच्या मृत्यूचा दाखला आण. म्हातारीची शपथेची चिठ्ठी आण, शिक्का मारलेली. ऐकतोयस का?"

"ऐकतोय."

"काय काय आणायचं सांग बरं परत."

"अगं आणतो म्हणलं ना! तू म्हणजे माझ्याशी पण खिडकीतून बोलतेस."

माझ्या डोक्यात काय होतं, की खिडकीत बहीण बसलीय. बहीण बसलेली असताना माणूस कागद कशाला गोळा करील? मी फक्त जन्मदाखला घेतला. तोसुद्धा वाचला नाही. वाचता आला नसता.

नदीला पाणी होतं. म्हातारी काठापर्यंत आली. तिच्याकडं पासपोर्ट नव्हता. पलीकडच्या फाटकातला माणूस तिला ओळखत होता, आजी स्वतः उभी राहून पोरीला देतेय म्हणून त्यानं जाऊ दिलं. आम्ही पिंजऱ्यात बसलो. सेथुन्या माझ्या गुडघ्यांमध्ये उभी. खाली पाणी बघून ती घाबरली नाही. "रा, ते झाड पोहतंय!" म्हणाली. मला ती रा म्हणायची, बाहेरच्या माणसाला म्हणतात तसं. मला वाटलं, होईल सवय.

अलीकडं सहा-सात पर्यटक आमच्या आधीच्या फेऱ्यांत आलेले होते, त्यांचं चाललं होतं. आमची पाळी आली.

"डुमेला रा," येणाऱ्या प्रत्येकाला करायची तसा आउसीनं नमस्कार केला.

"डुमेला मा," मी पण हसून म्हणलं, नाटक केल्यासारखं.

ती हसली नाही. पण पोरीकडं बघून तिचे डोळे कसे झाले ते मी बघितलं. "दाखला," म्हणाली.

मी दिला. तिनं वाचला. उलटा करून मागचं बघितलं. परत वाचला.

"तिरो, हिच्या बापाचं नाव कुठाय?"

"तुझ्यासमोर उभं आहे."

"कागदावर कुठाय म्हणते मी."

"असेल की. नीट बघ."

"इथं कोरं आहे." तिनं बोट ठेवलं. "राइसिबेचा दाखला?"

"म्हातारीकडं असेल."

"असेल? चिठ्ठी?"

"म्हातारी ती काय, त्या काठावर उभी आहे. लाल फडकं बांधलेली. तिला विचार ओरडून."

"तिला इकडं यायला पासपोर्ट लागतो."

"आउसी, मार की शिक्का. नाव तूच ठेवलंस हिचं."

"नाव ठेवायचा हक्क माझा होता, ठेवलं," ती हळू बोलली. "आत घ्यायचा माझा नाही. या कागदावर तू हिचा कुणी नाहीस. मी कुणी नाही. आज म्हातारीकडं सोड. सोमवारी तिला घेऊन कचेरीत जा, मी पण रजा काढून येते. पंधरा दिवस लागतील."

मागं पुढच्या फेरीनं आलेले पर्यटक होते. एका बाईनं सेथुन्याला काहीतरी खायला द्यायला हात पुढं केला. आउसी एकदम उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "नको! तिला काही देऊ नका!" ती बाई घाबरली. मला तेव्हा कळलं नाही ती कशाला ओरडली. मला वाटलं, माझ्या पोरीला ती घाणेरड्यासारखं वागवते सगळ्यांसमोर. माझी बायको जमिनीत जाऊन नऊ दिवस झाले होते. मी म्हणालो, आणि मोठ्यानं म्हणालो,

"वांझेला काय कळणार लेकराचं."

मोथिबीनं टोपी काढून खाली बघितलं. आमच्या भाषेत बोललो होतो, पर्यटकांना कळलं नाही. ते आपले पासपोर्ट हातात घेऊन उभे.

आउसीनं दाखला नीट घडी घालून मला परत दिला. "बाजूला हो, रा," म्हणाली. मग म्हणाली, "पुढचे."

मोथिबीनं आम्हाला परत पिंजऱ्यात बसवलं. सेथुन्यानं टाळ्या वाजवल्या. "परत बसायचं? परत?" तिला वाटलं, मी तिच्यासाठीच दुसरी फेरी घेतली.

पंधरा दिवस लागले नाहीत. चौदा महिने लागले. बापाचं नाव मागाहून घालायचं तर रक्त तपासावं लागतं, ते लांब मोठ्या गावाला. मृत्यूच्या दाखल्यात राइसिबेच्या जन्माचं साल चुकलेलं, ते आधी सुधारायचं. आमच्या मुखियाचं पत्र, त्यांच्या मुखियाचं पत्र. हे सगळं आउसीनं केलं. दर सुट्टीला ती नदी ओलांडून जायची, शिक्का मारून, तिकडच्या रांगेत उभी राहायची, तीच जी आयुष्यभर दुसऱ्यांना रांगेत उभी करत होती. मी तिच्याशी बोलत नव्हतो. कुठं सही करायची असेल तर ती यायची वस्तीवर, कागद दगडावर ठेवायची, बोट दाखवायची, मी सही करायचो. चहासुद्धा विचारला नाही मी. ती दहीदूध आवडीनं प्यायची, माझ्याकडं मडकं भरलेलं असायचं. नाही विचारलं.

एकदा जाताना म्हणाली, "उंची वाढलीय तिची. बोटं मोजते, दहापर्यंत."

मी गाईला हाकललं. तिथं हाकलण्यासारखी गाय नव्हती.

चौदा महिन्यांनी दाखला आला. बापाच्या रकान्यात माझं नाव, छापलेलं. आउसीनं सगळे कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिले, एकावर एक, फाटकात मागतील त्या क्रमानं. मी गेलो. हिवाळा होता, नदी सुकलेली.

मा-राइसिबे अंगणात बसलेली. एका पायानं लंगडत होती तेव्हा, आणि सेथुन्या तिचं पाणी आणत होती, काठी देत होती, शेजारी बसून तिच्या पायाला तेल लावत होती. शाळेत जात होती तिथल्या. मला बघून ती म्हातारीच्या मागं गेली. मी म्हणलं, चल, आत्याकडं जायचं. ती म्हातारीला म्हणाली, "आई, हे रा मला कुठं नेतायत?"

आई म्हणत होती ती तिला.

मी म्हातारीकडं बघितलं. ती म्हणाली, "ने. कागद तुझा आहे, मी अडवणार नाही. मागच्या वर्षी ती हसत गेली असती. आज ओढून न्यावी लागेल. ओढतोस का?"

मी वासरं ओढलीत. पोटातून बाहेर ओढलीत, चिखलातून ओढलीत. मला हे पण माहीत आहे की वासरू फार दिवस दुसऱ्या गाईला लागलं की आपल्याच कळपात आणून बांधलं तरी ते हंबरत राहतं, खात नाही. मी तिच्या दंडाला धरलं होतं. ती रडत नव्हती, नुसती ताठ झाली होती, लाकडासारखी. मी सोडलं.

परत आलो तेव्हा दुपार होती. आउसी खिडकीत. तिनं मला एकट्याला वाळूतून येताना लांबूनच बघितलं असणार, तिथून सगळं दिसतं. मोथिबी पण उभा होता. मी पासपोर्ट दिला. पाकीट पण दिलं. तिनं पाकीट घेतलं, खणात ठेवलं, पासपोर्टवर शिक्का मारला. मग म्हणाली,

"बूट पुसून घे, तिरो."

मी गोणपाटावर बूट पुसले. बराच वेळ पुसत बसलो.

त्यानंतर हळूहळू बोलायला लागलो आम्ही. गुरांचं, पावसाचं, कोण मेलं कोण जन्मलं. निळा पलंग तिनं शेजारच्या घरी देऊन टाकला. सेथुन्याकडं ती वर्षातून दोनदा जायची, वह्या घेऊन, बूट घेऊन. मी पण जायचो कधी कधी. पोरगी दोघांना चांगलं वागवायची, पाहुण्यांना वागवतात तसं. फाटकातल्या त्या शब्दाबद्दल मी आउसीला कधी काही बोललो नाही. दहा वर्षं. कितीदा ठरवलं. चुलीपाशी बसलेलो असायचो दोघं, शब्द जिभेवर यायचा, मग मी म्हणायचो, मीठ कमी आहे.

गेल्या महिन्यात तिला बाजारात चक्कर आली, डोक्यातली शीर फुटली. दवाखान्यात तीन दिवस होती. बोलता येत नव्हतं. मी तिथं होतो. तेव्हा म्हणालो मी. "आउसी, फाटकात मी जे बोललो ते..." एवढं म्हणालो आणि नर्स आली सलाइन बदलायला. आउसीनं डोळे माझ्याकडं केले होते. ऐकलं की नुसतेच केले, कुणास ठाऊक.

शनिवारी पहाटे दफन होतं. शुक्रवारी मी फाटकात गेलो न्यायला, कारण सेथुन्या येणार होती, म्हातारीसोबत. म्हातारीनं आता पासपोर्ट काढलाय. पोरगी चौदा वर्षांची, माझ्याएवढी उंच, नाक खरंच माझं. खिडकीत नवी पोरगी बसली होती, आउसीनंच शिकवलेली. तिनं सगळं मागितलं एकेक करून आणि सेथुन्यानं एकेक दिलं. काही कमी नव्हतं. मग फॉर्म भरायचा होता. कशासाठी आलात, किती दिवस, कुणाकडं राहणार. सेथुन्या लिहिता लिहिता थांबली, माझ्याकडं वळली.

"रा, तुमचं आडनाव कसं लिहायचं?"

मी सांगितलं. तिनं लिहिलं. खिडकीतली पोरगी म्हणाली, नव्वद दिवस देते. सेथुन्या म्हणाली, तीन पुरेत, सोमवारी परीक्षा आहे.

तिनं मूठभर माती टाकली आत्यावर. रडली नाही. नंतर पातेल्याजवळ बायका शिजलेलं मांस कुटत होत्या तिथं ती उभी होती, मी ताट घेऊन गेलो. ती म्हणाली, "आत्या दर वेळी यायची, काहीतरी घेऊन यायची, पण जास्त बोलायची नाही. कशी होती ती? आणि मला तेव्हा आत का नाही घेतलं तिनं? आई म्हणते, तुम्हाला विचार."

मी म्हणलं, जेव आधी, निवतंय.

ती जेवली. रविवारी तिला फाटकात सोडलं. नदीला पाणी नव्हतं, दोघी वाळूतून हळूहळू गेल्या, पोरीनं म्हातारीचा हात धरलेला.

म्हणून हे लिहिलं. दोन आठवडे लागले, फोनवर, एका अंगठ्यानं. सेथुन्याचा नंबर आहे माझ्याकडं, तिनंच घालून दिला फोनमध्ये. फाटकात मी बोललो होतो ते पुसून टाकावं असं मनात आलं, तेवढं एक वाक्य. पुसलं, परत घातलं. ते नसलं तर तिला वाटेल कठोर आत्याच होती, मी नव्हतो. आता हे तिला पाठवतोय.